बेळगावहून एका दिवसात आंबोली: धुकं नेमकं कुठं, कधी, आणि गाडी कशी न्यायची?

सुळग्याची_सून

म्हातारा पाऊस लागला की, म्हणजे २० जुलैनंतरच्या आठवड्यात, आंबोलीला जाऊन त्याच दिवशी परत यायचा विचार आहे. गाडी पाचजणांची, डिझेलवरची, एसी चालू आहे. सासरे ७२ वर्षांचे, सासूबाई ६८ च्या आणि त्यांना गुडघ्यांचा त्रास, आम्ही दोघं आणि ९ वर्षांची मुलगी. मुक्काम करायचा नाही, दिवेलागणीला घरात पाहिजे.

विचारायचं ते असं. धुकं बघायचं तर पहाटे पोचायला हवं का? की दिवसभर असतं? कुठली ठिकाणं आधी, कुठली नंतर? सासूबाईंना झेपेल असं काय आहे? धुक्यात गाडीची काच आतून पांढरी होते, त्यावर खात्रीचा उपाय काय? आणि आंबोलीपेक्षा गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाकडं गेलेलं बरं असं काहीजण म्हणतात, त्यात तथ्य किती?

काठावरचा

ताई, आधी एक गोष्ट ध्यानात घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. आंबोली बेळगावापेक्षा उंच नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर, आंबोली ६९०. त्यामुळं सुळग्यातून निघून तुरमुरी, बाची, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोलीपर्यंत गेलात तरी घाट म्हणून चढावा लागत नाही. चढउतार आणि वळणं आहेत, पण सगळा प्रवास पठारावरचा. खरा घाट लागतो तो आंबोली गाव संपल्यावर, सावंतवाडीकडं उतरताना. कोकणातून येणाऱ्याला आंबोली डोंगरमाथा वाटते, आपल्याला ती पठाराची कड आहे.

आणि धुकं त्या कडेमुळंच आहे, उंचीमुळं नाही. समुद्रावरून आलेला ओला वारा कोकणपट्टी ओलांडतो आणि सह्याद्रीच्या उभ्या कड्यावर आदळतो. पुढं वाट नाही म्हणून वर चढतो. वर चढणारी हवा दर १०० मीटरला सुमारे १ अंशानं गार होते. जुलैमध्ये ती आधीच इतकी दमट असते की थोडं चढल्याबरोबर तिच्यातली वाफ थेंब धरते आणि ढग तयार होतो. या ढगाचा तळ कड्याच्या माथ्यापेक्षा खाली असतो, म्हणून ढग सरळ गावात शिरतो. तोच वारा पुढं चंदगड, शिनोळी, बेळगावकडं येईपर्यंत बरंच पाणी सांडून मोकळा झालेला असतो. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बेळगाव शहरात १२००-१३०० च्या घरात. मधलं अंतर फक्त ६५-७० किलोमीटर.

आता तुमचा पहाटेचा प्रश्न. हिवाळ्यातलं धुकं वेगळं. ते रात्री जमीन गार झाल्यानं खोलगट जागी बसतं आणि नऊ-दहा वाजता ऊन लागलं की विरतं. पावसाळ्यात आंबोलीत जे असतं तो चालता ढग आहे, त्याला घड्याळ नसतं. दुपारी दोनलाही दहा पावलांवरचं माणूस दिसेनासं होतं. म्हणून धुक्यासाठी पहाटे धावायची गरज नाही. लवकर निघायचं ते गर्दीसाठी. कोल्हापूर, गोवा, सिंधुदुर्ग सगळीकडची माणसं साडेदहा-अकरापासून मुख्य धबधब्यावर जमतात, आणि शनिवार-रविवारी तिथं गाडी वळवायलाही जागा राहत नाही. मंगळवार-बुधवार काढता आला तर अर्धं काम तिथंच झालं.

घरातून सहाला निघा. पावसात दोन तास धरा, आठच्या सुमारास आंबोली. क्रम असा ठेवा:

आधी मुख्य धबधबा. तो गावाच्या पुढं घाटात तीनेक किलोमीटर खाली, रस्त्याच्या अगदी कडेला आहे. सासूबाईंना गाडीतून उतरून दोन पावलांवर दिसतो. वर जायला पायऱ्या आहेत, पण ओल्या आणि उभ्या, त्यांना नको. साडेआठपर्यंत तिथून वर परत या. घाटाचा एवढाच तुकडा तुम्हाला लागतो, त्याच्या खाली उतरायचं कारण नाही. जोराच्या पावसात घाटात दगड-माती खाली येते. दोन दिवस सलग झड लागली असेल तर हा तुकडा वगळा, काही बिघडत नाही.

मग चहा-नाश्ता करून हिरण्यकेशी. तिथून कावळेसाद, गेळे गावाच्या हद्दीत. दिवसातला सगळ्यांत जास्त वेळ इथं द्या, एक तास तरी. बहुतेक लोक येतात, समोर पांढरा पडदा बघतात, 'काही दिसत नाही' म्हणून पाच मिनिटांत निघून जातात. ढग चालता असतो हे कळलं की थांबायचं कसं ते कळतं. पंधरा-वीस मिनिटं काही नाही, मग एक झोत येतो, पडदा फाटतो आणि खाली शेकडो फूट दरी, समोरच्या कड्यावरून एकाच वेळी पाच-सात धारा. दोन मिनिटांत परत बंद. वारा जोराचा असेल तर कड्यावरून पडणारं पाणी खाली न जाता फवारा होऊन उलटं अंगावर येतं, मुलीला ते नक्की आवडेल. छत्री इथं उपयोगाची नाही, वाऱ्यानं उलटी होते आणि माणसाला कडेला ओढते. अंगात रेनकोट.

कठडा ओलांडायचा नाही, फोटोसाठीही नाही. ढगात कड कुठं संपते ते दिसत नाही, आणि जांभ्या दगडावर शेवाळ धरलेलं असतं. काळा चकचकीत दगड दिसला की तो निसरडा. खरखरीत, तांबूस दिसणाऱ्यावर पाय टाका.

महादेवगड पॉइंट गावाजवळच आहे, वेळ उरला तर. नाही गेलात तरी चालेल. नांगरतास परतीच्या वाटेवर घ्या, आंबोलीपासून दहाएक किलोमीटर. चिंचोळी घळ आहे, साधारण ४० फूट खोल, आणि पाणी त्यात घुसताना असा आवाज करतं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. ढगात काही दिसलं नाही तरी हे ठिकाण वाया जात नाही, कारण तिथं ऐकायचं असतं. साडेतीन-चारला आंबोली सोडली की उजेडात शिनोळी पार होते.

एक सुचवणं. दरी बघायची मुख्य इच्छा असेल तर पुष्य नक्षत्रात, म्हणजे तुमच्या म्हाताऱ्या पावसात, नको, १५ ऑगस्टनंतर मघा-पूर्वा लागल्यावर जा. धारा तेवढ्याच असतात आणि पडदा जास्त वेळा उघडतो. ढगात चालायचं असेल तर तुम्ही निवडलेला आठवडाच बरोबर.

उद्यमबाग_गॅरेज

काचेचं मी सांगतो, कारण लोक नेमकं उलटं करतात.

काच दोन प्रकारांनी पांढरी होते आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. पहिलं ओळखायचं. बोट आतून फिरवा. पुसलं गेलं तर वाफ आतली. नाही पुसलं गेलं आणि वायपर मारल्यावर साफ झालं तर वाफ बाहेरची.

आतली वाफ येते पाच माणसांच्या श्वासातून, ओल्या कपड्यांतून, पायाखालच्या ओल्या मॅटमधून. इथं एसी चालूच पाहिजे. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, गार करणं हे त्याचं दुसरं काम. ब्लोअर समोरच्या काचेवर लावा, जोर तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर. आतलीच हवा फिरवायचं बटन बंद करून बाहेरची हवा घ्या. सगळी चूक इथंच होते. बाहेर पाऊस आहे म्हणून लोक आतली हवा फिरवत ठेवतात आणि पाचजणांची वाफ आतच कोंडून राहते. तापमानाचा खटका गारकडून मध्यावर किंवा थोडा गरमकडं ढकला. एसी आणि हीटर एकदम चालवलेले चालतात, त्यानं काही बिघडत नाही. कोरडी, कोमट हवा काचेवर गेली की दोन मिनिटांत काच साफ.

बाहेरची वाफ येते ती एसी फार गार ठेवल्यावर. काच थंड पडते आणि बाहेरचा दमट ढग तिच्यावर घाम धरतो, पाण्याच्या गार तांब्यावर धरतो तसा. बहुतेक वेळा डॅशबोर्डच्या जाळीसमोर खालच्या बाजूला अर्धगोल पांढरा पट्टा दिसतो. एसी बंद करू नका. गारवा कमी करा आणि वायपर एकदा फिरवा.

निघायच्या आदल्या दिवशी काच आतून धुवून घ्या. आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या वाफेचा आणि बोटांचा तेलकट थर बसतो, वाफ त्याला आधी धरते. साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं. त्यावर दाढीचा फेस बोटभर घेऊन पातळ पसरायचा आणि कोरड्या फडक्यानं पूर्ण दिसेनासा होईपर्यंत पुसायचा. एक दिवस टिकतं. बाजूच्या आरशांसमोरच्या काचांनाही लावा, ते लोक विसरतात. ओल्या छत्र्या-रेनकोट पायाशी ठेवू नका, डिकीत एक प्लॅस्टिकची बादली किंवा टब ठेवा. मॅटवर जुनी वर्तमानपत्रं टाका, ओली झाली की बदला.

वायपरचं रबर करकर वाजत असेल किंवा एक रेघ सोडत असेल तर नवीन टाका. टायरची नक्षी कायद्यानं १.६ मिलिमीटर चालते, पण पाणी साचलेल्या रस्त्यावर ३ च्या खाली असलेला टायर मी तरी घाटाकडं नेऊ नका म्हणेन. खोबणीतून पाणी बाहेर फेकलं गेलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग ब्रेक-स्टिअरिंग दोन्ही ऐकत नाहीत.

दिव्यांचं. ढगात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण उजेड थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. लो बीम, आणि फॉगलॅम्प असतील तर तेही, कारण ते खाली असतात आणि रस्त्याच्या पृष्ठभागावर पडतात. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवायची सवय फार जणांना आहे. ती घातक आहे. मागच्याला तुम्ही उभे आहात की चालत आहात कळत नाही, आणि वळताना दिलेला इंडिकेटरही कळत नाही. ते दिवे गाडी थांबवल्यावर. नुसते पार्किंगचे दिवे लावून चालणंही नको, पुढच्याला ते जवळ आल्यावरच दिसतात.

वेग किती, हे डोळ्यांना दिसतं त्यावर. ओल्या रस्त्यावर ३० च्या वेगात पूर्ण थांबायला, माणसाला कळून पाय ब्रेकवर जाण्याचा वेळ धरून, साधारण २० मीटर लागतात. ४० ला ३३ च्या आसपास, ६० ला जवळजवळ ६०. वेग दुप्पट केला तर अंतर तिप्पट होतं, असा तो हिशोब आहे. आता समोर ३० मीटर दिसत असेल, म्हणजे सहा-सात गाड्या एकामागे एक लावल्या तर जेवढं अंतर, तर ३० च्या वर जायचं नाही. मागचा हॉर्न वाजवत असला तरी नाही. जागा बघून बाजूला घ्या, जाऊ द्या त्याला.

मधली पट्टी धरून चालू नका, समोरचाही तीच धरून येत असतो. डाव्या कडेची पांढरी पट्टी डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवा. काच दोन बोटं खाली करून हॉर्नकडं कान ठेवा, गाणी बंद. घाटात धबधब्यापर्यंत उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर. सारखा ब्रेक दाबून उतरलात तर मागून येणाऱ्याला तुमचा खरा ब्रेक कुठला ते कळत नाही आणि पॅड तापतात ते वेगळं. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची.

सड्यावरची

हिरण्यकेशीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या बाजूच्या माणसांनी ते ठिकाण नीट बघावं असं मनापासून वाटतं.

गुहेतून झरा बाहेर येतो, तिथं देऊळ आहे. वाट बांधलेली आहे, उतार हलका, त्यामुळं सासूबाईंना काठी आणि एका हाताचा आधार असेल तर जमेल. हेच पाणी पुढं आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत हुक्केरी तालुक्यात घटप्रभेला मिळतं आणि गोकाकच्या धबधब्यावरून ५२ मीटर खाली पडतं, मग कृष्णेत, मग बंगालच्या उपसागरात. आणि तुम्ही सकाळी घाटात बघितलेल्या धबधब्याचं पाणी पश्चिमेला अरबी समुद्रात. दोन्ही ठिकाणांमध्ये काही किलोमीटर अंतर. मुलीला नकाशा उघडून हे दाखवा, नऊ वर्षांच्या पोरीला पाणलोट म्हणजे काय हे यापेक्षा सोपं कुठं समजणार नाही.

त्या देवळाच्या पाण्यात एक छोटा मासा राहतो, 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे त्याचं शास्त्रीय नाव. २०२० मध्ये त्याची नवीन जात म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनानं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. म्हणून त्या पाण्यात साबण, शाम्पू, निर्माल्य, चुरमुरे काही टाकू नका. पाय धुवायचे तर खाली, वाहत्या ओढ्यात.

दुसरं, गाडी लावताना. रस्त्याच्या कडेला मोकळा, सपाट जांभा खडक दिसतो, त्याला सडा म्हणतात. पार्किंगला आयती जागा वाटते. पण पावसात त्या सड्यावरच्या बोटभर खोल डबक्यांत आंबोली टोड हा छोटा भेक अंडी घालतो. २००९ मध्ये त्याची जात म्हणून नोंद झाली. जगात तो आंबोलीच्या आसपासच सापडतो आणि अतिधोक्यातल्या जातींमध्ये गणला जातो. चाकाखाली एक डबकं गेलं की एका मादीचं वर्षाचं काम गेलं. गाडी डांबराच्या किंवा मुरमाच्या पार्किंगमध्येच लावा, आणि सड्यावर चालताना डबकी चुकवा. संध्याकाळी हे प्राणी रस्त्यावर येतात, चारला निघायचा तुमचा बेत त्यांच्यासाठीही चांगला आहे.

जळवा. डांबरी रस्त्यावर, पायऱ्यांवर त्रास नाही. हिरण्यकेशीच्या वाटेकडेला, ओल्या पाचोळ्यात, गवतात असतात. पँट मोज्यांत खोचा, मोजे घट्ट विणीचे. मीठ पायाला चोळून उपयोग होत नाही, पाच मिनिटांत पावसानं धुवून जातं. फडक्यात मिठाची पुरचुंडी बांधून खिशात ठेवा आणि जळू दिसली की तिच्यावर टेकवा, सुटते. मीठ नसेल तर नखाची कड तिच्या बारीक टोकाखाली सरकवून सोडवा, मग जाड टोक. ओढून काढू नका, तोंडाचा भाग आत राहिला तर जखम चिघळते. ती रक्त न गोठणारा रस सोडते म्हणून सुटल्यावर बराच वेळ रक्त येत राहतं. घाबरण्यासारखं नसतं. साबणानं धुवून कापूस दाबून पट्टी बांधा. सासऱ्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र त्यांना गवतात उतरूच देऊ नका. आणि मीठ सड्यावर किंवा डबक्यांजवळ सांडू नका, भेकांच्या कातडीला ते सोसत नाही.

सुळग्याची_सून

सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना रक्त पातळ करायची गोळी आहे, बरं झालं सांगितलंत. आणखी दोन-तीन गोष्टी. चोर्ल्याचं कुणी बोललं नाही. यांना ऐन वेळी सुट्टी मिळाली नाही तर बसनं जमेल का? आणि स्वच्छतागृह, जेवण, कपडे यांचं काय धरून चालायचं?

जांबोटी_फाटा

चोर्ल्याचं सांगतो. पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी करून चोर्ला, अंतर आंबोलीपेक्षा कमी, पन्नासच्या आसपास. रान जास्त दाट आणि ढग तेवढाच. कणकुंबीत माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम आहे, तो म्हाताऱ्या माणसांना बघायला सोपा, देवळाजवळच. इथवर ठीक.

पण तुमच्या माणसांना हा रस्ता मी सुचवणार नाही. हा गोव्याचा रस्ता आहे. अवजड गाड्या, गोव्याला पोचायच्या घाईत असलेल्या गाड्या, आणि पावसात पडलेले खड्डे पाण्यानं भरून दिसेनासे झालेले. ढगात थांबून बघावं म्हटलं तर रस्त्याकडेला सुरक्षित जागा फार थोड्या. कणकुंबीच्या पुढं चहा-जेवणाची सोय तुरळक. आणि खानापूरच्या रानातल्या धबधब्यांवर, भीमगड अभयारण्याच्या भागात, पावसाळ्यात वन खात्याची बंदी लागते. आडवा बांबू दिसला की गाडी वळवायची, आतून वाट दाखवतो म्हणणाऱ्याच्या मागं जायचं नाही. चोर्ला दोघातिघा धडधाकट माणसांसाठी, गाडीतून ढग बघत जाऊन येण्यासाठी चांगला. उतरून फिरायचं असेल, म्हातारी माणसं असतील, तर आंबोलीच.

चंदगडी_वाट

बस आहे की ताई. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडं जाणाऱ्या गाड्या, आपल्या वायव्य कर्नाटकच्याही आणि महाराष्ट्राच्या लालपरीही. पण पाटीवर नुसतं 'सावंतवाडी' बघून चढू नका, 'आंबोली मार्गे का' हे विचारून घ्या. परतीची शेवटची गाडी कितीला ते सकाळीच कंडक्टरला विचारायचं, आणि त्या गाडीवर विसंबायचं नाही, तिच्या आधीची पकडायची. कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेचं फुकट तिकीट सीमेपलीकडं चालत नाही, तिकिटाचे पैसे धरून चला. सीमाभागात कधी वातावरण तापलं की दोन्हीकडच्या गाड्या शिनोळी-बाचीलाच थांबतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी स्थानकावर चौकशी करा.

खरं सांगायचं तर सासूबाईंना घेऊन बस नको. बस आंबोली गावात सोडते. कावळेसाद, हिरण्यकेशी दोन्ही तिथून लांब, ढगात चालत जाण्यासारखी नाहीत. गावातून रिक्षा किंवा जीप अर्ध्या दिवसासाठी ठरवावी लागते. भाडं आणि ठिकाणं दोन्ही आधी बोलून घ्यायची, आणि 'थांबायचं किती वेळ' हेही, नाहीतर कावळेसादला पाच मिनिटांत चला म्हणतात.

गाडीनं गेलात तर आमच्या चंदगड तालुक्यातल्या रस्त्याचं एक ध्यानात ठेवा. त्या आठवड्यात रोप लावणी जोरात असते. चिखलणी करून ट्रॅक्टर शेतातून सरळ डांबरावर येतात आणि चाकांचा चिखल रस्त्यावर पडतो. त्यावर पाऊस पडला की साबणासारखं होतं. वळणावर तांबडा रस्ता दिसला की तिथं ब्रेक मारायचा नाही, आधीच वेग कमी करून घ्यायचा. सकाळी सहा-सातला बायका कामावर निघालेल्या असतात, डोक्यावर इरलं-खोळ असल्यानं त्यांना मागची गाडी दिसत नाही. हॉर्न लांबूनच, हळू द्या.

पेट्रोल-डिझेल बेळगावातच भरून घ्या. सुटे पैसे ठेवा. फोनला रेंज येते-जाते, ढगात ऑनलाइन पैसे अडकतात. नकाशा घरूनच उतरवून घ्या. ११२ नंबर दोन्ही राज्यांत चालतो. आंबोलीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे.

स्वच्छतागृहाचं: म्हाताऱ्या माणसांसाठी गावातलं बऱ्यापैकी हॉटेल धरा, नाश्ता तिथंच करा आणि तिथंच उरकून घ्या. पुढं कावळेसाद, नांगरतासला खात्री नाही. दुपारी परत गावातच जेवायला आलात की दुसरी वेळही भागते.

जेवण हॉटेलात मिळतंच, पण सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी असू द्या. धपाटे दिवसभर टिकतात, दमट हवेत भाकरी लगेच वातड होते. चहाचा लिटरभराचा थर्मास भरून घ्या, सात-आठ कप होतात. कावळेसादला थांबायचं त्याच्यावरच जमतं. धबधब्याजवळ माकडं आहेत, हातातली पिशवी ओढून नेतात. खायचं गाडीत बसून, काच वर करून. आणि उरलेलं त्यांना टाकायचं नाही.

कपडे: जीन्स कुणीच घालू नका, एकदा भिजली की घरी येईपर्यंत वाळत नाही. पातळ, लवकर वाळणारी पँट. प्रत्येकाचा एक कोरडा जोड, मोज्यांसकट, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून. सासूबाईंना लुगडं-साडी असेल तर घोट्याच्या वर खोचून, वरून लांब रेनकोट. पायात मागं पट्टा असलेलं, खाली खोल नक्षीचं रबर. हवाई चप्पल नको. घरात जुनी घोंगडी असेल तर गाडीत टाका, लोकर ओली झाली तरी ऊब देते. भिजलेल्या सुती शालीत तेवढी ऊब नसते.

सुळग्याची_सून

शेवटचं एकच. मुलीला फोटो काढायचे आहेत, आणि मागच्या वेळी सगळे धुरकट आले. फोन बिघडला का?

काठावरचा

फोन बिघडलेला नाही. गाडीत एसीनं फोन गार झालेला असतो, बाहेर काढल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते. पुसली तरी परत येते. उतरायच्या पंधरा मिनिटं आधी फोन एसीच्या झोतापासून दूर, खिशात ठेवा म्हणजे अंगाच्या उबेनं तो बाहेरच्या हवेपेक्षा गार राहत नाही. चष्म्याचा मऊ रुमाल कोरड्या डबीत वेगळा ठेवा, रेनकोटच्या कडेनं पुसल्यावर लेन्सवर पाण्याची फराटं राहतात.

दुसरं, ढग पांढरा असतो आणि कॅमेरा पांढऱ्याला उजेड जास्त समजून चित्र काळवंडवतो. स्क्रीनवर बोट ठेवून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवायला शिकवा. फ्लॅश बंद, नाहीतर प्रत्येक थेंब पांढरा ठिपका होऊन येतो. आणि नुसता ढग काढला तर कोरा कागद येतो. जवळ काहीतरी गडद धरायला सांगा, जांभळाची ओली फांदी, कठडा, आजीची छत्री. कावळेसादला मात्र फोन पट्ट्यानं मनगटाला बांधलेलाच असू द्या, आणि तिचा दुसरा हात तुमच्या हातात.